पिशवी घरी ठेवा, भिंती बघायला चला

“रोज अर्धा तास चालत जा,” असं दवाखान्यात सांगितलं की आमच्या वस्तीतल्या बायकांचं उत्तर ठरलेलं असतं. “डॉक्टर, दिवसभर चालतेच की! चार घरची धुणीभांडी करते.” डॉक्टर हसतात, गोळ्या लिहून देतात. बाई घरी येते. साखर होती तिथेच राहते.

या उत्तरात आळस नाही, हे आधी मान्य करू या. धुण्याभांड्याने अंग मोडून येतं. पण त्यात उभं राहणं आणि वाकणंच जास्त. थोडा दम लागेल असं सलग चालणं त्यात क्वचितच होतं. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. श्रम पुरेसे होतात की नाही, हे ओळखायची खूण सोपी आहे: चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. आपल्या देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींच्या वर आहेत, असा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचा २०२३ मधला अंदाज आहे. त्यामुळे हा प्रश्न दोन-चार घरांचा नाही.

मग आपण चालत का नाही? आम्ही मंडळाच्या बैठकीत हे विचारलं, तेव्हा खरं कारण बाहेर आलं. जवळ बाग नाही, ही एक अडचण. पण मोठी अडचण दुसरीच. एक काकू म्हणाल्या, “उगाच फिरणारी बाई लोकांना बघवत नाही. मी बाहेर पडते तेव्हा हातात रिकामी पिशवी घेते. बाजाराला चालले असं वाटतं.” सगळ्या हसल्या, आणि मग निम्म्या जणींनी कबूल केलं की त्याही पिशवी घेतात. फिरायला जाणं ही ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा आहे त्यांची गोष्ट, आपण रस्त्यावर यायचं ते कामासाठीच, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे.

या पिशवीवर आम्हाला एक उपाय सापडला, तो योगायोगाने. कमर्शियल आर्ट शिकणारी आमच्यातली एक मुलगी एका रविवारी सकाळी दहा-बारा जणींना माहीम स्टेशनबाहेर घेऊन गेली. तिथून दादरकडे सेनापती बापट मार्गाने रेल्वेची लांबच लांब भिंत जाते. २००९ च्या ऑगस्टमध्ये शेकडो नागरिकांनी ही भिंत रंगवली होती. चित्रकारच असलं पाहिजे अशी अट नव्हती. आज त्यातलं बरंच पुसट झालं आहे, काहींवर नवे रंग चढले आहेत. याच रस्त्याने आम्ही वर्षानुवर्षं बसने आणि टॅक्सीने गेलो, पण भिंतीकडे कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही चित्रं मोजत, भांडत, “हे काय काढलंय?” विचारत दादरला कधी पोचलो ते कळलं नाही. पिशवी कुणाच्याच हातात नव्हती. कुठे चाललात, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं: चित्रं बघायला.

मग दर रविवारी नवा रस्ता ठरू लागला. वांद्रे स्टेशनला उतरून चॅपल रोडपर्यंत गेलो. तिथे रंजीत दहिया यांनी भिंतीवर काढलेली ‘अनारकली’ आहे. घरांना रंग देण्याच्या कामापासून सुरुवात केलेला हा माणूस. २०१४ मध्ये वांद्रे रेक्लमेशनजवळच्या टेलिफोनच्या इमारतीवर त्यांनी दादासाहेब फाळक्यांचं प्रचंड चित्र काढलं. दुसऱ्या रविवारी सीएसएमटीला उतरलो. महात्मा जोतिबा फुले मंडई १८६९ ची. तिच्या दारांवर दगडात कोरलेले शेतकरी आहेत. तिथून फोर्टात चालत गेलं की न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची १९३६ ची इमारत लागते. तिच्या दर्शनी भिंतीवर शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी शेतात राबणारी, सूत कातणारी माणसं घडवली आहेत. आमच्यातल्या एक आजी ती बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “ही तर आपलीच माणसं.” या सगळ्याला तिकीट लागत नाही.

कुणी म्हणेल, भिंती रंगवून पोट भरतं का? नाही भरत. रंगवलेल्या भिंतीमागे गटार तुंबलेलं असू शकतं, हेही आम्ही पाहिलं आहे. पण बघण्याचा हक्क सोडून दिल्याने गटार साफ होत नाही. उलट पायी फिरल्यावरच कळतं की फुटपाथ कुठे संपतो, सावली कुठे नाही, बायकांसाठी मुतारी किती लांब आहे. आम्ही त्याची यादी करून वॉर्ड ऑफिसला देणार आहोत.

आणि एक लक्षात ठेवा. शहरातली चित्रं म्हणून ज्या भिंती दाखवल्या जातात, त्यांत आपल्या वस्त्या क्वचितच असतात. नाक्यावर निळ्या रंगात काढलेले बाबासाहेब, विहाराच्या भिंतीवरचे बुद्ध, शाळेजवळच्या सावित्रीबाई, हीसुद्धा शहराची चित्रं आहेत. ती बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांनी काढली आहेत. त्यांची नावं कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतात. ती वाचा, मुलांना वाचून दाखवा.

निघण्याआधी थोडी काळजी घ्या. मधुमेह असेल तर अनवाणी किंवा सैल चपलेत चालू नका. घरी आल्यावर तळपाय बघा, जखम असेल तर दाखवा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर उपाशीपोटी निघू नका, खिशात साखरेची पुडी ठेवा. दोन चित्रांच्या मधलं अंतर झपाझप चाला, चित्रापाशी थांबा. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच बसा आणि मदत मागा. हिवाळ्यात धुरकं दाट असेल तर ऊन वर आल्यावर निघा. चालायला लागलो म्हणून मनाने गोळ्या बंद करू नका. आमच्यातल्या कुणाचीही गोळी सुटलेली नाही. पण जिना चढताना मध्ये थांबणाऱ्या दोघी-तिघी आता न थांबता चढतात.

या रविवारी घराजवळची एक भिंत ठरवा. शेजारणीला हाक मारा, घरच्या पुरुषांनाही उठवा. पिशवी मात्र घरीच ठेवा.