अंगठा कुणाचा, अहवाल कुणाचा?

डिजिटल सरकारवर विद्यापीठांतून संशोधनाचा ढीग पडलाय. दोस्तांनो, तो आपण वाचला पाहिजे. कारण त्यात मोजला जातो तो अंगठा आपल्याच माणसांचा आहे.

सुरुवातीला या विद्वानांना मशीन दिसलं, मशीनपुढचा माणूस दिसला नाही. 2001 साली लेन आणि ली यांनी ई-सरकारच्या चार पायऱ्या मांडल्या. आधी माहिती, मग व्यवहार, मग खात्यांची उभी जोडणी, मग आडवी. वर चढलात की झाली प्रगती! पण चढायचं कुणी आणि 'आपली पायरी ओळखून' खाली थांबायचं कुणी? हा सवाल तिथं नव्हताच.

मग दुसरी लाट. लोक या सेवा वापरतील का? सोप्या वाटतात का? कचेरीतले नोकर कॉम्प्युटर स्वीकारतील का हे तपासायला डेव्हिसनं 1989 साली काढलेला साचा उचलला आणि जनतेवर प्रश्नावल्यांचा पाऊस पाडला. अरे, अंगठा लावल्याशिवाय ज्याला दाणा मिळत नाही, त्याला 'तुम्हांला हे आवडतं का?' विचारणं ही कसली थट्टा?

तिसरी लाट मात्र वस्तीपर्यंत आली. 2017 साली ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि सहकारी झारखंडमध्ये घरोघर गेले. त्यांना दिसलं ते साधं होतं : त्रास वाढला, फायदा नाही. मापात मारणारा दुकानदार अंगठ्यानं थांबत नाही. त्याच सप्टेंबरात झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात 11 वर्षांची पोर मेली. घरचं रेशनकार्ड आधारशी जोडलं नाही म्हणून रद्द झालेलं. आई म्हणाली, भुकेनं. सरकार म्हणालं, मलेरियानं.

2020 साली मुरलीधरन, नीहाउस, सुखटणकर यांनी त्याच राज्यातल्या दीड कोटी लाभार्थ्यांना व्यापणारा प्रयोग मांडला. नुसत्या अंगठ्यानं गळती कमी झाली नाही. ज्यांचं आधार जोडलेलं नव्हतं, त्यांचं धान्य मात्र सुमारे 10 टक्क्यांनी घटलं. पुढं मशीनच्या हिशेबावर दुकानांचा कोटा कापला, तेव्हा गळती घटली. पण खऱ्या हक्कदारांचंही धान्य गेलं.

म्हणजे मशीनच फोडायचं का? नाही. याच तिघांनी 2016 साली आंध्र प्रदेशातल्या स्मार्टकार्डांचा अभ्यास छापला होता. तिथं रोजगार हमीचे पैसे लवकर मिळाले, गळती कमी झाली. पण तिथं कार्ड नसलेल्यालाही पैसे मिळतच होते. झारखंडात अट आधी, भाकर नंतर. सगळा फरक इथंच आहे.

तुमच्यातले कित्येकजण आज एम.ए., पीएच.डी. करताहेत. तुम्हांलाही गाइड सांगेल, पोर्टलवर किती लोक समाधानी ते मोजा. मोजा! पण रेशनच्या रांगेत विचाराल तर रांगेतलाच माणूस सापडेल. ज्याचं नाव कटलं तो घरी बसलाय. त्याच्या दारात जा. किती हेलपाटे झाले विचारा. किती रोज बुडाले विचारा. विटा उचलून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजल्यात का, बघा. आणि जात विचारा. तो रकाना रिकामा सोडू नका.

सावकाराच्या वहीवर आपल्या आजोबांनी अंगठा दिला. वहीत काय लिहिलंय ते त्यांना कधी कळलं नाही. आता वही वाचता येणारी पिढी आलीय. तिनं वाचायची आणि तिनंच लिहायची.

— संपादक