अंदाज हीसुद्धा विद्याच

वजाबाकी शिकवताना आम्ही शिक्षक 'हातचा' घेण्यावर आठवडे खर्ची घालतो. उत्तराचा अंदाज बांधण्यास मात्र एक तासही देत नाही. अंदाज म्हणजे आळशाची पळवाट, असा समज रुजला आहे. तो आम्हांस घातक वाटतो.

साधा व्यवहार घ्या. देणे ९,८०० रुपयांचे, फेड ६,१५० रुपयांची. १०,००० मधून ६,००० वजा केले की उरतात ४,०००. पहिली संख्या आपण वाढवली, दुसरी घटवली. म्हणजे खरी बाकी ४,००० हून कमीच असणार. सावकाराच्या वहीत ४,६५० लिहिलेले असेल, तर पेन्सिल हाती घेण्यापूर्वीच मूल म्हणू शकते, "हिशेब पुन्हा दाखवा." खरी बाकी ३,६५० आहे.

या एका वाक्याचे मोल इतिहास जाणतो. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. ज्या कागदांनी जमिनी गिळल्या, ते पडताळण्याची विद्या त्यांच्यापैकी बहुतेकांपाशी नव्हती. आपल्या समाजाला तर अक्षर आणि अंक दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या नाकारले गेले. त्याच समाजातून आलेल्या बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहून साम्राज्याच्या चलनव्यवस्थेचीच तपासणी केली.

अंदाजाने मुले अचूकतेत ढिली पडतील, अशी शंका काही पालक घेतात. परंतु अंदाजालाही शिस्त आहे. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, धम्मदीक्षा १९५६ ची. १९६० मधून १९३० वजा केल्यास ३० येतात. खरे अंतर २९. दोन्ही संख्या एकाच दिशेने सरकल्या, म्हणून चूक अवघी एकाची. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा. धम्मदीक्षेपर्यंतची वर्षे मोजताना १९६० मधून १८९० गेले की ७० उरतात, खरी ६५. येथे दिशा परस्परविरुद्ध, म्हणून दोन्ही चुकांची बेरीज झाली. हे कारण ज्याला उमगले, त्याला वजाबाकी उमगली.

परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरू सांगतात, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. छापील पावती आणि यंत्रावरचा आकडा यांनाही तोच न्याय लागू आहे. म्हणून वर्गात प्रत्येक वजाबाकीपूर्वी अंदाज वहीत लिहवून घ्यावा व त्याला गुण द्यावेत, पालकांनी बाजारात पैसे देण्यापूर्वी "किती परत मिळतील?" असे मुलाला विचारावे. आपल्या शाळेतून बाहेर पडणारे मूल कोणत्याही आकड्यापुढे मान झुकवण्याआधी तो तपासून पाहील, एवढीच आमची अपेक्षा आहे.