अडलेले पिस्तूल आणि अर्धवट राहणारी चौकशी

नवी दिल्ली : उत्तर प्रदेशातील संभल जिल्ह्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये एका चकमकीदरम्यान पोलीस उपनिरीक्षकाचे शस्त्र ऐनवेळी अडले आणि दडलेल्या गुन्हेगारावर दबाव राहावा म्हणून पोलिसांनी तोंडानेच ‘ठांय ठांय’ असा आवाज काढला. त्याची चित्रफीत देशभर फिरली, यथेच्छ थट्टा झाली. शस्त्रात काडतूस अडकणे हा तांत्रिक बिघाड होता, असा खुलासा जिल्हा पोलिसांनी केला. हा बिघाड शस्त्राचा होता, मॅगझिनचा, काडतुसाचा की देखभालीचा, हे मात्र त्या गदारोळात कोणी विचारले नाही.

दहा महिन्यांनी, २१ ऑगस्ट २०१९ रोजी, बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्कारावेळी सुपौल जिल्ह्यात मुख्यमंत्री नितीश कुमार यांच्या उपस्थितीत शासकीय मानवंदना देण्यासाठी २२ रायफली सज्ज झाल्या. त्यांपैकी एकीतूनही बार उडाला नाही. स्पष्टीकरण मागवण्यात आले.

दोन्ही घटना वरकरणी सारख्या वाटल्या, तरी तपासणाऱ्याच्या दृष्टीने त्यांच्यात मोठा फरक आहे. एकच शस्त्र अडले तर संशय त्या शस्त्रावर, त्याच्या मॅगझिनवर किंवा ते हाताळणाऱ्यावर जातो. एकाच वेळी सगळीच शस्त्रे गप्प राहिली, तर प्रत्येक रायफल स्वतंत्रपणे बिघडली असेल, असे मानणे कठीण. तेथे पहिला संशय सर्वांना समान असलेल्या गोष्टीवर, म्हणजे काडतुसांच्या साठ्यावर, जायला हवा. हा साधा तर्क प्रत्येक शस्त्रागारातील आर्मोररला ठाऊक असतो. प्रकरण वरिष्ठांकडे गेले की ते बहुधा ‘जबाबदार कोण’ या प्रश्नावर येऊन थांबते आणि ‘बिघडले काय’ हा प्रश्न मागे पडतो.

अर्धस्वयंचलित पिस्तुलाची सारी चाल स्लाइडवर अवलंबून असते. गोळी सुटताच तिच्या धक्क्याने स्लाइड मागे येते आणि येताना रिकामी पुंगळी चेंबरमधून ओढून बाहेर फेकते. नंतर स्प्रिंगच्या जोराने पुढे जाताना ती मॅगझिनमधील वरचे काडतूस चेंबरमध्ये ढकलते आणि बंद होते. पापणी लवण्याआधी पूर्ण होणाऱ्या या फेऱ्यात कोठेही अडथळा आला, तर स्लाइड अर्ध्यावर थांबते. ती कोठे आणि कशी थांबली, यावरून कारणाचा माग लागतो.

रिकामी पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीत उभी अडकली असेल, तर काडतूस कमजोर असण्याची, पुंगळी फेकणारा भाग झिजल्याची किंवा पिस्तूल धरणाऱ्याचे मनगट सैल पडल्याची शक्यता असते. मनगटाने आधार दिला नाही तर सगळे पिस्तूलच मागे ढकलले जाते आणि स्लाइडला पुरेशी चाल मिळत नाही. नवे काडतूस तिरपे होऊन चेंबरच्या तोंडाशी रुतले असेल, तर बहुतेक वेळा दोष मॅगझिनचा निघतो. वारंवार खाली पडून त्याच्या वरच्या कडा वाकतात किंवा त्यातील स्प्रिंग ढिली होते. जुनी पुंगळी चेंबरमध्येच राहून तिच्यामागे दुसरे काडतूस येऊन धडकले, तर पुंगळी ओढणाऱ्या आकड्याकडे, ज्याला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात, पाहावे लागते. चेंबरमधील गंजही तपासावा लागतो. स्लाइड अगदी केसभर उघडी राहत असेल, तर घाण आणि सुकून चिकट झालेले तेल हे नेहमीचे कारण.

यावरच्या तातडीच्या उपायांना आपल्या सुरक्षा दलांच्या प्रशिक्षणात ‘फौरी इलाज’ म्हणतात. बोट चापावरून बाहेर, नळीचे तोंड सुरक्षित दिशेला. मॅगझिनच्या बुडावर तळहाताचा ठोका, स्लाइड पूर्ण मागे खेचून सोडणे. एवढ्याने भागले नाही, तर मॅगझिन काढून स्लाइड दोन-तीनदा चालवणे, चेंबर डोळ्यांनी पाहणे आणि नवे मॅगझिन लावणे. सरावाच्या मैदानावर चाप दाबूनही बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून सुमारे ३० सेकंद थांबायचे असते, कारण काडतूस उशिरा पेटू शकते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर पुढची गोळी झाडण्याचा विचारही करू नये. आधीची गोळी नळीतच अडकली असेल, तर पुढच्या बारात नळी फुटू शकते. आणि चेंबरमध्ये काडतूस असताना स्लाइड हलतच नसेल, तर ठोकाठोक न करता शस्त्र आर्मोररकडे सोपवावे.

हे सारे सरावाने अंगवळणी पडते आणि खरी अडचण तेथेच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातीलच संत कबीर नगर जिल्ह्यात वरिष्ठांच्या अचानक तपासणीत एका उपनिरीक्षकाने काडतूस नळीच्या तोंडातून आत टाकले. त्याचेही हसे झाले. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीनेही शीघ्र प्रतिसाद पथकांच्या गोळीबार सरावाला दारूगोळ्याच्या टंचाईने बसलेल्या खीळीकडे लक्ष वेधले होते. ज्याने वर्षभरात मोजक्याच गोळ्या झाडल्या, त्याच्या हाताला अडलेले पिस्तूल मोकळे करण्याची सवय कोठून असणार? या सरावासाठी तर जिवंत काडतुसेही लागत नाहीत. मॅगझिनमध्ये मधूनच एखादे डमी काडतूस ठेवले की काम भागते.

लष्कर आणि अनेक पोलीस दलांच्या वापरातील ‘पिस्तूल ऑटो ९ एमएम १-ए’ हे पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनते. १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलाचा हा भारतीय अवतार. आराखडा जुना असला, तरी तो टाकाऊ नाही. जगभरच्या सैन्यांनी तो अनेक दशके वापरला. मात्र त्याची एक खोड सांगायला हवी. मॅगझिन काढल्यावर या पिस्तुलाचा चाप काम करत नाही. त्यामुळे ते रिकामे झाल्याचा भास होतो, प्रत्यक्षात चेंबरमधील काडतूस तेथेच असते आणि मॅगझिन परत बसताच पिस्तूल पुन्हा झाडण्यास सिद्ध होते.

देखभालीतील आणखी एक दोष क्वचितच चर्चेत येतो. कर्तव्यावर जाताना शस्त्र भरायचे आणि परतल्यावर रिकामे करायचे, हा रोजचा परिपाठ. त्यात तेच एक काडतूस महिनोन्‌महिने चेंबरमध्ये जात-येत राहते आणि प्रत्येक ठोक्यासरशी त्यातील गोळी किंचित आत सरकू शकते. असे काडतूस नीट चढत नाही आणि चढलेच, तर बाराच्या वेळी नेहमीपेक्षा अधिक दाब निर्माण करते. कोकणातल्या पावसाळ्यात किंवा ईशान्येच्या दमट हवेत चामडी म्यानातील ओल याला हातभार लावते.

पैशाची बाजूही पाहायला हवी. पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना १९६९-७० पासूनची आहे. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने त्या छत्र योजनेला २६,२७५ कोटी रुपये मंजूर केले. त्यात राज्य पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाचा केंद्रीय वाटा ४,८४६ कोटींचा. नव्या शस्त्रांची खरेदी मोजता येते, तिचे छायाचित्रही छापून येते. सुटे स्प्रिंग, मॅगझिन आणि आर्मोररची रिक्त पदे यांना ते भाग्य नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये .३०३ रायफलीला समारंभपूर्वक निरोप दिला, ते योग्यच झाले. पण नव्या शस्त्रालाही तेल, फडके आणि जाणता हात लागतोच.

उत्पादकाच्या उत्तरदायित्वाची चौकटही बदलली आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. ईशापूर कारखाना कानपूरच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’कडे गेला, खडकी आणि वरणगावचे दारूगोळा कारखाने पुण्यातील ‘म्युनिशन्स इंडिया’कडे. म्हणजे शस्त्र एका कंपनीचे, काडतूस दुसरीचे. पिस्तूल अडल्यावर शस्त्राचा क्रमांक, मॅगझिनचा क्रमांक, काडतुसाचा लॉट आणि स्लाइड कोणत्या स्थितीत थांबली, या चार गोष्टी जागच्या जागी टिपल्या नाहीत, तर दोघींपैकी कोणाकडे बोट दाखवायचे, हेच ठरणार नाही. मॅगझिनवर क्रमांक घालणे हे तर ठाण्यातल्या रंगाच्या डबीचे काम आहे.

हलगर्जीची किंमत थट्टेपुरती राहत नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी अलीगढच्या एका पोलीस ठाण्यात पारपत्राच्या पडताळणीसाठी आलेली महिला समोर उभी असताना उपनिरीक्षकाने नुकतेच हाती आलेले पिस्तूल हाताळले आणि त्यातून सुटलेली गोळी तिला लागली. काही दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. ते पिस्तूल अडलेले नव्हते, व्यवस्थित चालत होते. स्लाइड मागे ओढून चेंबर पाहण्याची क्रिया, जी फौरी इलाजातही शिकवली जाते, तेवढी तेथे झाली नव्हती.