कुंपणाला चमक कशाला?

लाकडी कुंपणाला चकचकीत ऑईलपेंट फासायचा हट्ट मला कळत नाही. आमच्या मस्तगडात, म्हणजे जालन्याच्या हवेत, लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं. रंगाचा पापुद्रा त्याच्याबरोबर किती ताणला जाणार? भेगा पडतात, पाणी आत शिरतं आणि वरून देखणं कुंपण आतून कुजतं.

त्यापेक्षा लाकडात मुरणारा तपकिरी स्टेन लावा. अगदी पारदर्शक नको; उन्हातले अतिनील किरण अडवतं ते रंगद्रव्यच. फिका पडला, की साफ करून पुन्हा एक हात मारा. खरवडत बसायला नको.

आणि फुकटचं जळकं इंजिन ऑईल? ते पावसात मातीत उतरतं, आणि कुंपणालगतच आपला कढीपत्ता असतो! सागाचं झाड तयार व्हायला पिढी जाते हो. चमक दोन पावसाळ्यांची.