यंत्राचें बळ व पट्टीची लांबी

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूनें किनाऱ्यावर चढलें, आणि एका दिवसांत रायगड व उत्तर रत्नागिरींतील कित्येक बागाईतदारांच्या आजे-पणज्यांनीं लावलेलीं आंब्या-फणसाचीं झाडें आडवीं झालीं. पूर्वीं लाकडाच्या ठेकेदाराकडे दिसणारें चेनसॉ हें यंत्र त्यानंतर आमच्या ओळखीच्या अनेकांनीं स्वतःच विकत घेतलें. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती त्यास जोडलेल्या पट्टीच्या लांबीविषयीं.

पट्टी म्हणजे जिच्याभोंवतीं दातेरी साखळी फिरते ती. दुकानदार तिला गाईड बार किंवा नुसता बार म्हणतात. खोड तीन फूट जाड, तर पट्टीहि तीन फूट लांब हवी, हा हिशेब वरवर पाहतां सरळ दिसतो, आणि विकणाऱ्यासहि तो सोयीचा असतो. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं त्या पावसाळ्यांत ६० सी.सी.च्या यंत्रास ३० इंची पट्टी बसवून घेतली. चवथ्या दिवशीं क्लच जळाला. त्यापूर्वीं तीन दिवस यंत्र रडत होतें, पण तें रडणें कोणीं ऐकलें नाहीं. ज्यानें काळ्या रानांत मोठा लोखंडी नांगर धरला आहे, त्यास तो दोन बैलांनीं ओढवत नाहीं हें सांगावें लागत नाहीं. मग यंत्राच्या बाबतींतच ही समज कोठें जाते?

खरा हिशेब दात्यांचा आहे. मोठ्या यंत्रावर बहुधा तीन-अष्टमांश इंच पिचची साखळी येते. तिच्यावर दर दीड इंचास एक कापणारा दाता असतो. अठरा इंच जाड खोडांत ती शिरली म्हणजे बारा दाते एकाच वेळीं लाकूड ओढतात. छत्तीस इंचांत चोवीस. भार दुप्पट, इंजिन तेंच! साखळीचा वेग मंदावला कीं दाता कापण्याऐवजीं घासूं लागतो, आणि जेथें जाड भुसा पडावयाचा तेथें पीठ पडूं लागतें. चालविणारा मग अंगाचा भार देऊन रेटतो, क्लच घसरतो व तापतो. शिवाय तेलाचा पंप पट्टीची लांबी पाहून वाढत नसतो. लहान यंत्राचें तेल लांब पट्टीच्या टोंकापर्यंत पुरत नाहीं, व खांच कोरडी पडून जळते. पट्टीचें टोंक फिकट ओंडक्याजवळ धरून यंत्र जोरांत फिरवावें. ओंडक्यावर तेलाची बारीक रेघ उमटली नाहीं, तर ती पट्टी त्या यंत्राची नव्हे असें समजावें.

साधारणतः ५० सी.सी.च्या यंत्रास १६ ते २० इंच, ७० सी.सी.स २० ते २८, सुमारें सात अश्वशक्तीच्या ९० सी.सी.च्या यंत्रास २५ ते ३६, आणि ४० इंचांच्या पुढची पट्टी १२० सी.सी.च्या साडेआठ अश्वशक्तीच्या यंत्रासच, असा प्रघात आहे. परंतु या आंकड्यांचें वरचें टोंक कोणत्या लाकडास लागू पडतें हें आधीं पाहावें. आजच्या साखळीचा मूळ नमुना अमेरिकेंतील ऑरेगॉन प्रांताच्या जोसेफ कॉक्स नामक लाकूडतोड्यानें लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून १९४६ च्या सुमारास बनविला. (रेशमाची अळी सोडली, तर अळीनें माणसावर उपकार केल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.) त्याच किनाऱ्यावरील सूचिपर्णी अरण्यांत लांब पट्ट्यांची रीत रुजली. तेथील डग्लस फरचें सुकें लाकूड घनमीटरला पांचशें किलोंच्या आसपास भरतें. आपली बाभूळ आठशेंच्या घरांत, आणि जुन्या चिंचेचा गाभा तर कुऱ्हाडीलाहि दाद देत नाहीं. म्हणून तिकडे ३६ इंच ओढणाऱ्या यंत्रास बाभूळ किंवा चिंच कापावयाची असतां २८ इंचांपुढें नेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

यावर कोणी म्हणतील कीं, लांब पट्टी बारीक झाडांत चालविली तर रिकामे दाते लाकूड ओढीत नाहींत, मग इंजिनास त्रास कसला? तें खरें आहे. पण त्रास माणसास आहे. खोडापलीकडे निघालेलें टोंक दगडाला, मातीला, मागच्या फांदीला लागतें, आणि टोंकाचा वरचा भाग कशालाहि अडला म्हणजे सबंध यंत्र उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येतें. वादळानें पडलेल्या झाडांच्या गुंत्यांत तर टोंक कोठें आहे हेंच दिसत नाहीं. तेथें खोड ताणांत असल्यामुळें पट्टी मध्येंच चिमटली जाते. त्यास अश्वशक्ति उपयोगी पडत नाहीं, पाचर उपयोगी पडते. मोठ्या यंत्रास फार आखूड पट्टी लावणें ही उलट चूक त्या मानानें क्वचितच होते.

जाड खोड दोन्ही बाजूंनीं कापतां येतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांतच येत नाहीं. २५ इंचांच्या पट्टीनें सव्वातीन-साडेतीन फूट व्यासाचें खोड जाणता माणूस उतरवितो. लांब पट्टी घेतल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर विरळ दात्यांची साखळी घ्यावी. तिच्यावर सव्वादोन इंचांस एक दाता असल्यानें छत्तीस इंचांत चोवीसांच्या जागीं सोळाच ओढतात. ओंडका उभा चिरून फळ्या काढावयाच्या असल्यास मात्र इंजिनावर याहूनहि अधिक भार पडतो, तेथें आणखी हात राखावा.

एकेकट्यानें लहान यंत्रास मोठी पट्टी लावण्यापेक्षां गांवच्या सहकारी सोसायटीनें ९० सी.सी.चें एक यंत्र, आणि त्यास एकाच पिचच्या व एकाच रुंदीच्या खांचेच्या २५ व ३६ इंची दोन पट्ट्या ठेवाव्या, अशी आमची सूचना आहे. यंत्र मागणाऱ्या सभासदानें जेथें कापावयाचें तेथला झाडाचा घेर दोरीनें मोजून, त्यास सातानें गुणून व बाविसांनीं भागून व्यास काढून आणावा. लांकूड कोणतें, तेंहि चिठ्ठींत लिहावें. त्यावरून कोणती पट्टी द्यावयाची, हें यंत्र देणारानें ठरवावें, मागणारानें नव्हे.