पायथ्याचे पाणी

मये तलावावर आलेले पर्यटक आसपासच्या हिरव्या टेकड्यांचे फोटो काढतात. त्यांतली कुठली देवाने घडवली आणि कुठली टिप्परांनी, हे आपल्या खाणधंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. आकेशियाची झाडे एकाच वयाची, रांगेत उभी दिसली की समजायचे, डंप आहे.

गोव्यात एक टन खनिजामागे साधारण अडीच-तीन टन माती निघते. ती रचायची कशी, हे 1961 च्या खाण नियमावलीत आहे. उतार 37.5 अंशांपेक्षा जास्त नको. गंमत म्हणजे हिमालयात बर्फाचे कडे कोसळतात तेही बहुधा 30 ते 45 अंशांच्या उतारावर, आणि सर्वाधिक 38 च्या आसपास. पण तिथली माणसे कोन मोजून घरी जात नाहीत. उतारावर खड्डा खणतात, थर उघडे करतात. मग बर्फाचा एक खांब मोकळा करून त्यावर फावडे ठेवतात आणि थापट्या मारतात. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापटीला कुठला थर सरकला, ते वहीत जाते. हिवाळ्यात चंदीगडच्या संरक्षण संशोधन संस्थेचे इशारे रोज निघतात, कारण कालचा बर्फ आज तोच नसतो. एवढे करूनही ऑक्टोबर 2022 मध्ये द्रौपदी का दांडा-2 या शिखरावर गिर्यारोहण शिकणारी आणि शिकवणारी माणसे हिमस्खलनात गेली.

आपण काय करतो? मे महिन्यात पाहणी, अहवाल, सही, फाईल. मेमधला डंप कोरडा असतो, तो उभा राहणारच. त्यानंतर त्याच्या अंगावर 120 इंचांच्या आसपास पाऊस पडतो. एका हंगामात टाकलेली चिकणमाती, तिच्यावर पुढच्या हंगामाचा जांभ्याचा चुरा, अशी रचना असेल तर पाणी चुऱ्यातून झरझर उतरते आणि चिकणमातीवर येऊन थांबते. आपला नाजूक थर तो. वरून कितीही कोन मोजा, तो दिसत नाही. पायथ्याशी मात्र बोलतो.

एका जुलैत मी एका जुन्या डंपाच्या माथ्यावर फिरत होतो. भेग नाही, झाडे सरळ, सगळे ठीक. खाली चिऱ्यांच्या भिंतीजवळ उभ्या फोरमनने हाक मारली, "सायब, उदक पळयलें? तांबडें जालां." भिंतीच्या भोकांतून आठवडाभर नितळ येणारे पाणी सकाळपासून गढूळ झाले होते. दोन भोके तर कोरडीच. नितळ पाणी म्हणजे नुसता निचरा. गढूळ म्हणजे आतली माती निघाली. आणि पाऊस चालू असताना भोक बंद झाले तर ते पाणी आत साठते आहे. आम्ही खालचा रस्ता बंद करवला. तिसऱ्या रात्री भिंतीचा एक तुकडा गाळासकट त्या रस्त्यावर आला. माझ्या अहवालात डंप ‘स्थिर’ होता, हेही लिहून ठेवतो.

हे आताच लिहिण्याचे कारण आहे. गोव्यातली 2012 ची खाणबंदी, 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, मग 2024 मध्ये मये, मुळगाव, शिरगाव सामावणाऱ्या डिचोलीच्या ब्लॉकमध्ये पुन्हा सुरुवात. मधल्या वर्षांत किती चर बुजले, किती पायऱ्या ढासळल्या, ते आपण पाहिले आहे. आता जुने डंपही उचलायचे म्हणतात. ते वरून खाली उचलायचे असतात. पण एक्स्कॅव्हेटर रस्त्यालगत उभा असला की चालकाचा हात पायथ्याकडेच जातो, आणि पायथा काढणे म्हणजे भरल्या गोणींच्या थप्पीतली तळची गोण ओढणे.

वाचकांनी या पावसाळ्यात एवढे करून पाहावे. माथ्यावरच्या भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या मारा आणि अंतर रोज सकाळी मोजा. भिंतीच्या भोकांना क्रमांक द्या. पाण्याचा रंग त्याच दिवशी नोंदवा, आणि ती नोंद फोरमनच्या हातची असू द्या. त्याने ‘काम थांबवले’ असे लिहिले, तर ते खोडण्यासाठी साहेबाला डंपापाशी यावे लागेल, अशी व्यवस्था करा. ऑक्टोबरमध्ये त्या वह्या आमच्याकडे पाठवा. चिखलाने माखलेल्या असल्या तरी चालतील.