घर बदललंत, पाटी तरी लावा!

मंडळी, बर्‍याच दिवसांनी लिहितोय आणि तेही चिडून. तेव्हा भाषा जरा तिखट झाली तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला. "अरे, दादाचे लेख उघडत नाहीयेत रे. माझंच काहीतरी चुकत असेल. तू बघ जरा."

दादा म्हणजे माझा मामा. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्याने तालुक्यातल्या जुन्या विहिरी आणि बारवा पालथ्या घातल्या. पायर्‍या मोजल्या, शिलालेख उतरवले, गावातल्या म्हातार्‍यांना बोलतं केलं आणि चौदा लेख लिहिले. एका संस्थेच्या संकेतस्थळावर ते आले. प्रत्येक लेख आला की मामा सगळ्या भाचरांना दुवा पाठवायचा. मावशीने त्या सगळ्या मेल जपून ठेवल्या आहेत. मामा आता नाही. त्याच्या वर्षश्राद्धाला मावशीला एक लेख वाचून दाखवायचा होता. दुव्यावर टिचकी मारली की संस्थेचं मुखपृष्ठ उघडत होतं. सरकणारी चित्रं, "आपले स्वागत आहे", देणगीचं बटण. लेख नाही. चूक झाली असंही कुठे म्हटलेलं नाही. त्यामुळे त्या बिचारीला वाटलं, आपलंच बोट चुकीच्या जागी पडतंय. तिने चौदा दुवे तीन-तीनदा उघडून पाहिले होते.

मला राग आला तो या "माझंच चुकत असेल"चा.

मी तासभर शोधलं. लेख सापडले हो! चौदाच्या चौदा. नव्या संकेतस्थळावर "संग्रह", त्यात "इतर", त्यात चौथ्या पानावर. म्हणजे संस्थेने काही फेकलं नव्हतं. सामान सगळं नव्या घरात नीट लावलं होतं. फक्त जुन्या दारावर पाटी लावायची राहिली होती. आपल्याकडे टिनपाट दुकान गल्लीच्या या टोकाचं त्या टोकाला गेलं तरी जुन्या शटरवर खडूने लिहून जातात, "दुकान समोरच्या बोळात हलविले आहे". पुण्यात तर "आमची कोठेही शाखा नाही" हे सांगायलाही पाटी लागते. आणि लाखभर रुपये खर्चून संकेतस्थळ नवं करणार्‍यांना एक पाटी सुचू नये?

आता ही पाटी म्हणजे काय, ते नातेवाईक मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. (जाणकारांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.)

तुम्ही एखादा पत्ता उघडता तेव्हा पलीकडचा सर्व्हर आधी एक आकडा पाठवतो. २०० म्हणजे घ्या, हे तुमचं पान. ४०४ म्हणजे असं काही इथे नाही. ४१० म्हणजे होतं, पण कायमचं काढून टाकलं. आणि ३०१ म्हणजे कायमचा मुक्काम हलवला आहे, हा घ्या नवा पत्ता. ३०१ आला की ब्राउझर न विचारता नव्या पत्त्यावर जातो. वाचणार्‍याला कळतही नाही. शोधयंत्रांनाही कळतं की जुन्या पत्त्याची पत आता नव्याला द्यायची. याचा धाकटा भाऊ ३०२, तो म्हणतो, तात्पुरता दुसरीकडे आहे, पुढच्या वेळी पुन्हा इथेच विचारा. बस, एवढंच शास्त्र आहे.

हे काही कालपरवाचं नाही. अपाचे सर्व्हरचं मॉड-रीराइट राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ मध्ये लिहिलं आणि १९९७ मध्ये अपाचेला देऊन टाकलं. ज्यांनी वेब बनवलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये पत्ते न बदलण्यावर एक अख्खं टिपण लिहिलं. पत्त्यात सॉफ्टवेअरचं शेपूट घालू नका, विभागाचं नाव घालू नका, उद्या ते बदललं की पत्ता मोडेल, असं त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. पाव शतक उलटून गेलं. आपण अजून तिथेच.

मी संस्थेला पत्र लिहिलं. उत्तर आलं ते वाचा: नवीन प्रणालीत जुने पत्ते चालत नाहीत, तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, कृपया शोध सुविधा वापरावी.

तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही? चला, बघूच.

जुने पत्ते असे होते: लेख डॉट पीएचपी, मग प्रश्नचिन्ह, मग आयडी बरोबर ४७. नवे पत्ते लेखाच्या नावाचे. ज्याने काम केलं त्याने "लेख डॉट पीएचपी मागितलं तर मुखपृष्ठावर पाठव" असा एकच नियम टाकला असणार. का? तर त्याने आधी ४७ साठी वेगळा नियम लिहून पाहिला असेल आणि तो चालला नसेल. इथे नवशिके हमखास पडतात. रीराइटरूलला पत्त्याचा फक्त प्रश्नचिन्हाआधीचा भाग दिसतो. प्रश्नचिन्हानंतरचं त्याच्या लेखी नसतंच. ते तपासायचं तर आधीच्या ओळीत रीराइटकाँड घालून क्वेरी स्ट्रिंग बघावी लागते. ही गोष्ट अपाचेच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिली आहे. ती न वाचता हात वर केले आणि तीनशे लेखांची एकाच दरवाजातून बोळवण केली.

खरं काम किती होतं? रीराइटमॅप नावाची सोय आहे. एक साधी मजकुराची फाइल करायची, दोन रकाने. डावीकडे जुना आकडा, उजवीकडे नवा पत्ता. मग एक अट, एक नियम: आयडी उचल, फाइलीत बघ, नवा पत्ता काढ, ३०१ ने पाठव, आणि जुनं प्रश्नचिन्हाचं शेपूट तोडून टाक. मॅप सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये जाहीर करावा लागतो, एचटीअ‍ॅक्सेस फाइलीत चालत नाही, एवढीच मेख. एन्जिनएक्स असेल तर तिथेही मॅप आहे. तीनशे लेख म्हणजे तीनशे ओळी. चहा घेत घेत एक दुपार.

यावर लोक काय काय म्हणतात ते मला पाठ आहे. कामानिमित्त वर्षानुवर्षं ऐकतोय.

"मुखपृष्ठावर तर पाठवलंय ना!" अहो, हे न पाठवण्याहून वाईट. ४०४ निदान प्रामाणिक असतो. नाही म्हणतो. माणूस दुसरीकडे शोधायला लागतो. मुखपृष्ठावर ढकलणं म्हणजे कुलकर्ण्यांचं घर विचारलं तर हात धरून गावच्या वेशीवर आणून सोडणं, आणि वर हसून "या, स्वागत!" गूगलसुद्धा अशा सरसकट ढकलण्याला बहुधा "सॉफ्ट ४०४"च समजतं. म्हणजे यंत्रालाही कळतं की हे उत्तर खोटं आहे. फसते फक्त माझी मावशी.

"सर्चमध्ये सापडेल की." मामाच्या एका लेखाचा पत्ता एका पुस्तकाच्या तळटिपेत छापलेला आहे. कागदावर. त्या तळटिपेने सर्च कुठे मारायचा? आणि हे दुखणं फक्त आमच्या घरचं नाही. हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१३-१४ च्या सुमारास तपासलं तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत दिलेल्या दुव्यांपैकी जवळजवळ निम्म्यांवर मूळचा मजकूर उरला नव्हता. प्यू संस्थेने २०२४ मध्ये सांगितलं की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांत मिळेनाशी झाली. यातली सगळीच काही मेली नसणार. मामाच्या लेखांसारखी काही नुसती हलवली असणार, पाटी न लावता.

"सर्व्हर स्लो होतो." होतो, जर सगळं एचटीअ‍ॅक्सेसमध्ये कोंबलंत तर. ती फाइल प्रत्येक मागणीला, वरच्या प्रत्येक फोल्डरमध्ये पुन्हा पुन्हा शोधली जाते. म्हणून तर अपाचेवालेच सांगतात की मुख्य कॉन्फिगरेशनला हात लावता येत असेल तर नियम तिथे लिहा. आणि साध्या एका पत्त्याच्या बदलासाठी मॉड-रीराइटची तोफ नको, साधं रीडायरेक्ट पुरतं. तीनशे लेखांपेक्षा तुमची ती सरकणारी चित्रं जास्त जड आहेत.

"किती वर्षं ठेवायचं हे लोढणं?" गूगल म्हणतं, जमेल तितका काळ, निदान वर्षभर. मी म्हणतो, जोवर नाव तुमचं आहे तोवर. दोन रकान्यांची फाइल खायला मागत नाही.

"जुनं कोण वाचतं?" लॉग बघा ना. प्रत्येक ४०४ तिथे नोंदलेला असतो. नवं संकेतस्थळ उघडल्यावर महिनाभर रोज लॉग चाळणं हे खरं उद्घाटन, फीत कापणं नव्हे.

आता स्वतःकडे बोट. मीही हे पाप केलं आहे. माझी आधीची जालनिशी हलवली तेव्हा नियम लिहिले, पण ३०२ ने. शोधयंत्रं कितीतरी दिवस जुन्या दारावरच टकटक करत राहिली. मग घाईत थेट ३०१ केलं आणि नियम चुकला. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतात, त्यामुळे मी चूक सुधारल्यावरही काही वाचकांना जुनंच वळण दिसत राहिलं. तेव्हापासून नेम असा की आधी ३०२ ने तपासायचं, खात्री पटली की ३०१. आणि एकदा तर नव्या पत्त्यालाही तोच नियम लागू पडला, पान स्वतःभोवतीच गिरक्या घेत बसलं. ब्राउझरने वीसेक फेर्‍यांनंतर हात टेकले.

आपल्या मराठी मंडळींना आणखी एक काटा आहे. पत्त्यात देवनागरी आलं की प्रत्येक अक्षराचे, मात्रेचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइटचं टक्क्याच्या चिन्हासकट त्रिकूट. नुसत्या "म"ची नऊ चिन्हं. वर्डप्रेस असा पत्ता २०० चिन्हांवर कापतो, म्हणजे आपली बाविसेक अक्षरं-मात्रा. पुढचं शीर्षक गायब. रीराइटरूल पत्ता उलगडून वाचतो, पण नव्या पत्त्यात टक्के असतील तर त्या टक्क्यांचंच पुन्हा सांकेतिकीकरण करून ठेवतो. त्याला "एनई" हा झेंडा लावून गप्प करावं लागतं. हे ठाऊक नसलेल्याने मराठी पत्त्यांना हात लावू नये, किंवा लावण्याआधी विचारावं. विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि पाटी ज्या भिंतीवर लावतो ती भिंत कुणाची, हेही बघावं. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, तिथल्यांना पाटी लावायला भिंतच उरली नाही. २०१२ मध्ये गूगलने भारतातल्या वाचकांना ब्लॉगस्पॉट डॉट कॉमवरून डॉट इनकडे वळवायला सुरुवात केली. लोकांनी डॉट इनचे दुवे उचलून सगळीकडे डकवले. २०२० मध्ये ते डॉट इन नावच गूगलच्या हातून सुटलं आणि दुवे पडले. (तुमच्या जुन्या नोंदींत डॉट इनचे दुवे असतील तर आजच बसून डॉट कॉम करा. लेख बहुतेक तिथेच असेल.) एवढ्या मोठ्यांचं हे, तर संस्थेच्या नावाचे वार्षिक पैसे भरायला विसरणार्‍या चिटणिसांचं काय घेऊन बसलात!

पत्ता देणं हा शब्द देणं आहे. "इथे ये, मी भेटेन." मामाने तो शब्द त्या संस्थेच्या भरवशावर चौदा वेळा दिला होता. संस्थेने आपलं घर हौसेने सजवलं, पण त्याचा शब्द मोडला. आणि तो आता नवा दुवा पाठवू शकत नाही.

असो. मी बसून ३१२ ओळींची दोन रकान्यांची फाइल केली. अट आणि नियम लिहून, घरच्या सर्व्हरवर तपासून संस्थेला पाठवला. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. तोवर मावशीला चौदा नवे दुवे पाठवले. वर्षश्राद्धाला तिने पोखरणीच्या बारवेचा लेख वाचला, सगळे ऐकत होते.

नंतर हळूच मला म्हणाली, "हे नवे पत्ते तरी राहतील ना रे?"

मी लेख छापून तिच्या हातात दिले. दुसरं काय सांगणार?